बंद चारी पुन्हा वाहती करताना: गावातल्या संस्थेसाठी कामाची उतरंड

बंद पडलेल्या चारीच्या, म्हणजे कालव्याचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या छोट्या पाटाच्या, काठावर उभे राहिले की पहिला विचार येतो तो जेसीबी लावायचा. तो विचार पंधरा दिवस लांबणीवर टाका. मराठवाड्यात लोकवर्गणीतून साफ केलेल्या चाऱ्या दुसऱ्याच वर्षी कोरड्या पडतात, त्याचे कारण बहुतेक वेळा काम कमी झाले हे नसते. काम जास्त झालेले असते. चारी खोल झाली, रुंद झाली, फोटो चांगला आला आणि पाणी शेपटाला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, पोचायचे ते पोचलेच नाही.

खालची माहिती मातीच्या छोट्या चाऱ्यांसाठी आहे, म्हणजे वितरिकेवरून (मुख्य कालव्याच्या फाट्यावरून) निघणारी लघु वितरिका आणि तिच्यावरच्या शेतचाऱ्या. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि उजवा १३२ किलोमीटरचा. त्यांच्यावरच्या कितीतरी चाऱ्यांत आज बेशरमाची झुडपे आणि वेड्या बाभळीशिवाय काही दिसत नाही. येलदरी-सिद्धेश्वरच्या पूर्णा प्रकल्पावर आणि मांजरा खोऱ्यातही हीच पद्धत लागू पडते. मुख्य कालव्याला मात्र कोणत्याही संस्थेने हात लावू नये. छत्रपती संभाजीनगरातली नहर-ए-अंबरी हा तर पूर्ण वेगळा विषय. जमिनीखालच्या त्या ऐतिहासिक वारशावर श्रमदानाची कुदळ चालवायची नसते.

कागद

चारी गावातून जाते म्हणून ती गावाची होत नाही. जमीन संपादित आहे आणि कालवा जलसंपदा खात्याच्या ताब्यात. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाखाली कालव्याला विनापरवाना हात लावणे हा गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असो. त्यामुळे पहिला अर्ज उपविभागीय कार्यालयात द्यायचा आणि त्यात तीन गोष्टी मागायच्या: काम करायची लेखी परवानगी, चारीचा लांबीछेद (लांबीभर तळाच्या पातळ्या) व आडछेद (रुंदी-खोलीची मापे), आणि ही चारी बंदिस्त नलिकेच्या प्रस्तावात आहे की नाही याचे उत्तर. तिसरा प्रश्न लोक विसरतात. पुढच्या वर्षी जिथे पाइप पडणार आहे तिथे यंदा देणगीचा पैसा मातीत घालण्यात अर्थ नाही. लांबीछेद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. नुसता नकाशा पुरत नाही, तळाच्या पातळ्यांचे आकडे लागतात.

दुसरी गोष्ट पाणी वापर संस्थेची, म्हणजे चारीवरच्या शेतकऱ्यांच्या संस्थेची. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा २००५ चा कायदा पाण्याचा हक्क पाणी वापर संस्थेला देतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेला तो मिळत नाही. विश्वस्त संस्था पैसा, यंत्र आणि माणसे उभी करू शकते, पाणी वाटू शकत नाही. चारीवर पाणी वापर संस्था कागदावर असून झोपली असेल तर आधी ती जागी करा. तिच्या संचालक मंडळात शिरोभाग, मधला भाग आणि शेपूट या तिन्ही भागांना सारखी जागा असते, हे निवडणुकीआधीच सगळ्यांना सांगा. नाहीतर शिरोभागाचे वजनदार लोकच मंडळात बसतात आणि पुढचे सगळे ठरलेले असते.

याच कायद्यात चारी पाणी वापर संस्थेकडे सोपवण्याआधी खात्याने तिच्याबरोबर संयुक्त पाहणी करून दोष दुरुस्त करून द्यायचे असतात. म्हणून दार, मोजमापाचे साधन, फुटलेला जलसेतू (ओढ्यावरून पाणी नेणारा पूल) हे आधी संयुक्त पाहणीच्या यादीत घालून घ्या आणि यादीवर शाखा अभियंत्याची सही घ्या. खात्याने द्यायची वस्तू देणगीतून विकत आणली की ती पुढे कायमची संस्थेच्या गळ्यात पडते.

थकबाकीही याच टप्प्यात बघा. पाणीपट्टी थकलेली असेल तर चारी काचेसारखी स्वच्छ करूनही पाणी सोडताना अडचण येते. देणगीची शिस्त नेहमीचीच: स्वतंत्र बँक खाते, प्रत्येक रकमेला पावती, आणि मशीनवाल्याला रोख न देता धनादेश किंवा ऑनलाइन.

लेव्हल, आणि पुन्हा लेव्हल

चारी म्हणजे उतार. खड्डा वेगळा आणि चारी वेगळी, एवढे डोक्यात बसले की निम्म्या चुका टळतात.

छोट्या चारीचा उतार साधारण हजारास एक ते दोन हजारास एक असतो. हजारास एक म्हणजे ३० मीटरला ३ सेंटिमीटर, दोन हजारास एक म्हणजे दीड सेंटिमीटर. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. ऑपरेटरने एका जागी अर्धा फूट जास्त उकरले, की हजारास एकच्या हिशेबाने पुढच्या १५० मीटरची उतरंड एका फटक्यात खाल्ली. त्या खड्ड्यात पाणी साचते, गाळ बसतो, पाणकणीस उगवते. पण खरे नुकसान पुढचे. तळ सलग खाली गेला की पाण्याची पातळीही खाली जाते आणि शेताच्या मोऱ्यांचे (शेतात पाणी घ्यायच्या तोंडांचे) उंबरे उंच राहतात. चारीत पाणी दिसते, मोरीत शिरत नाही. मग शेतकरी आडवी गोणी टाकतो, पाणी चढवतो, वरच्या बाजूला भरावावरून पाणी उलथते आणि रात्रीतून चारी फुटते. खापर फुटते ते गोणी टाकणाऱ्यावर. चूक झालेली असते खोदाईच्या दिवशी.

मोजणी अशी करा. तालुक्याच्या गावी ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची पट्टी) भाड्याने मिळतो. चालवणारा माणूसही घ्या, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी चालतो. वितरिकेच्या दाराचा उंबरा शून्य धरा. तिथून दर ३० मीटरला खुंटी ठोका आणि चार आकडे लिहा: आजच्या गाळाची पातळी, दोन्ही काठांचे माथे, आणि लांबीछेदातली मूळ तळपातळी. वाटेतल्या प्रत्येक मोरीचा उंबरा, प्रत्येक नळकांड्याचा तळ आणि प्रत्येक धबधब्याचा (तळातल्या बांधीव पायरीचा) माथा वेगळा घ्या. ही पक्की बांधकामे चारीची खरी साक्षीदार आहेत. लांबीछेद हरवला असला तरी दोन पक्क्या उंबऱ्यांमध्ये दोरी ताणल्यासारखी रेघ काढली की मूळ तळ सापडतो. शेवटी उलट मोजत दारापर्यंत या. किलोमीटरमागे दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मोजणी पुन्हा करा. गवंड्याची पाण्याची नळी शंभर-दोनशे मीटरला ठीक आहे. किलोमीटरभर तिच्यावर विसंबू नका, छोट्या चुका साठत जातात.

प्रत्येक खुंटीवर रंगाने लिहा: ‘इथून ३२ सेंटिमीटर खाली’. ऑपरेटरला आकडा दिसला पाहिजे. ‘अंदाजानं घे भाऊ’ म्हटले की काम संपले.

झाडोरा आणि बिळे

गाळ काढायच्या आधी झाडोरा काढायचा, दोन्ही कामे एकत्र नकोत. झाडोऱ्याचा तोटा किती, ते आकड्यात बघा. तळ ६० सेंटिमीटर, पाण्याची खोली ४० सेंटिमीटर, काठाचा उतार दीडास एक (दीड आडवे, एक उभे) आणि लांबीचा उतार हजारास एक अशी चारी स्वच्छ असेल तर सेकंदाला सुमारे २३० लिटर म्हणजे आठ क्युसेक वाहून नेते. तीच चारी, तेवढीच खोली, पण आत गवत-बेशरम माजलेले असेल तर चार क्युसेक. गाळाचा एक कणही न काढता नुसत्या कापणीने पाणी दुप्पट होऊ शकते.

बेशरम कापून काठावर टाकू नका. ओल्या गाळात पडलेला कांडीचा तुकडा पुन्हा मुळे धरतो. मुळासकट उपटा, चारीपासून लांब, कोरड्या जागी पसरून पूर्ण वाळवा. शेळ्या राखणाऱ्यांनाही सांगून ठेवा, हा पाला विषारी आहे. वेडी बाभूळ जमिनीलगत कापली की दुप्पट फुटते, म्हणून बुंधा खणून काढा. भरावातल्या जाड मुळ्या तशाच सोडल्या तर त्या कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. मूळ जिथवर काढले तिथवरची माती पुन्हा थराथराने धुमसून भरायची.

बिळांचेही तसेच. खेकडे आणि घुशी भराव आरपार पोखरतात. बिळाच्या तोंडाला चिखलाचा गोळा लावणे म्हणजे रोग्याला पावडर लावणे. बीळ शेवटापर्यंत उकरा, मळलेली चिकणमाती काठीने ठासत आतून बाहेर भरत या.

झाडोरा काढताना हातात लांब काठी आणि पायात गमबूट हवेत. घोणस आणि नाग दोघांनाही अशा जागा आवडतात. त्याहून मोठा धोका पाण्यात टाकलेल्या मोटारींच्या वायरींचा. बंद दिसणारी वायर जिवंत असू शकते. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दवंडी द्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि लाइनमनला बरोबर घेऊन फेरी मारा.

गाळ

सुरुवात शेपटापासून करा. यात दोन फायदे. अवकाळी पाऊस आला तर पाणी खाली निघून जाते, खोदलेल्या भागात तुंबत नाही. आणि पैसे मधेच संपले तर राहिलेले काम शिरोभागाचे असते. तिथल्या शेतकऱ्याला पाणी हवेच असते, वर्गणी आपोआप निघते. उलट केले तर वरच्यांचे भागले की सभेला कोणी येत नाही.

किती गाळ निघेल? वरच्याच चारीत सरासरी ३० सेंटिमीटर गाळ असेल तर मीटरला साधारण ०.३ घनमीटर, किलोमीटरला सव्वातीनशे घनमीटरच्या आत-बाहेर. उकरला की तो फुगतो, वीस-पंचवीस टक्के वाढ धरा. शंभर घनफुटाच्या ट्रॉलीने किलोमीटरला १३५ ते १४० खेपा. मशीनवाल्याशी तासावर नव्हे, मीटरवर ठरवा, आणि बिल खुंटीची पातळी तपासल्यावरच. तासावर ठरवले की मशीन हळू चालते आणि खोल जाते.

शेवटचे ५ सेंटिमीटर मशीनने काढू नका. फावड्याने काढा. श्रमदानाला खरी जागा इथेच आहे. तळाला वर्षानुवर्षे बसलेला बारीक चिकट थर पाणी झिरपू देत नाही. मशीनचे दात तो फोडतात आणि खालचा मुरूम उघडा पडतो. मुरमातून पाणी चाळणीसारखे जाते.

काढलेला गाळ काठावर रचायचा नाही. मृगाची पहिली जोरदार सर आली की तो जिथून आला तिथे परत जातो. जवळच्या हलक्या जमिनीत टाकता येतो, फक्त बेशरमाची मुळे, प्लास्टिक आणि काचा निवडून. भरावाला बाहेरून लावायचा असेल तर थराने लावा, ढिगाने नको.

भराव आणि फुटी

काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे: उन्हाळ्यात हात जाईल अशी भेग, पावसात फुगून लोण्यासारखी. अशा मातीच्या भरावाला एकास एक उतार टिकत नाही. आतून दीडास एक, बाहेरून दोनास एक द्या, माथा किमान एक मीटर. पाण्याच्या पातळीवर एक फूट तरी मोकळा काठ राहिला पाहिजे. शेजारच्या शेतकऱ्याचा नांगर दरवर्षी भरावाचा वीतभर पाय खातो. म्हणून संपादित जमिनीची हद्द भूमी अभिलेखकडून मोजून दगड लावून घ्या, भांडण एकदाच होऊ द्या.

फुटलेली जागा नुसती माती ढकलून बुजवली तर पहिल्याच आवर्तनात (कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीत) तिथेच फुटते, कारण जुनी माती आणि नवी माती यांच्या सांध्यातून पाणी वाट काढते. दोन्ही बाजूंच्या जुन्या भरावात फूट-फूट उंचीच्या पायऱ्या पाडा. तळाला आडवी खाच खणा, एक फूट खोल, दोन फूट रुंद. माती ८-९ इंचाच्या सैल थरात टाका आणि धुमसून सहा इंच करा. ओल तपासायची सोपी रीत: मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन चिकटला तर जास्त, दोन-तीन तुकडे झाले तर थर टाका. रोडरोलर लागत नाही. भाड्याचा पेट्रोल रॅमर किंवा लोखंडी धुमस पुरते. वरून दहा टक्के उंची जास्त ठेवा, बसेल. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून भरावात गाडू नका. तात्पुरत्या अडवणुकीला त्या ठीक, पण आत राहिल्या की फाटतात, माती खचते आणि पोकळी राहते.

अस्तरीकरण? देणगीदारांना काँक्रीट आवडते, त्यावर पाटी लावता येते. काळ्या मातीवर थेट ओतलेले काँक्रीट फुगवट्याने दोन-तीन हंगामांत तडकते. करायचेच तर खालची काळी माती काढून न फुगणाऱ्या चिकट मुरूममातीचा धुमसलेला थर द्यावा लागतो, छोट्या चारीलाही दीड फुटाच्या आसपास. तेवढा खर्च झेपत नसेल तर अस्तर फक्त मुरमाड पट्ट्यात, वळणावर आणि मोरीच्या पुढे-मागे घाला.

पाणी नक्की कुठे मुरते ते अंदाजाने ठरवू नका. संशयित भागात ३० मीटरवर दोन आडवे मातीचे बांध घाला, आतून प्लास्टिक कागद लावा, टँकरने पाणी भरा आणि खुणेची पट्टी उभी करा. काळी माती एक दिवस पाणी पिऊ द्या, दुसऱ्या दिवसापासून मोजा. मे महिन्यात सेंटिमीटरभर पाणी उन्हानेच जाते, ते वजा करा. दिवसाला १० सेंटिमीटर उतरले तर वरच्या मापाच्या चारीत किलोमीटरला सेकंदाला दोन लिटर गेले. पाच किलोमीटरला दहा लिटर. हे चालते. ३० सेंटिमीटर उतरले तर तो तुकडा अस्तराच्या यादीत.

मोऱ्या आणि दारे

रस्त्याखालचे नळकांडे गाळाने भरलेले असते. माणूस आत घालायचा नाही, विशेषतः वक्रनलिकेत (खाली वळून पुन्हा वर येणाऱ्या नळीत), तिथली हवा कोंडलेली असते. बांबूने दोर पलीकडे काढा, त्याला जुना टायर बांधा आणि दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून ओढा. पाणी असेल तर आधी पंपाने उपसा.

स्क्रू गेटचा दांडा वाकला नसेल तर डिझेल, तारेचा ब्रश आणि ग्रीसने दार बहुधा सुटते. हातोडा मारून दार उघडू नका, बिडाचा आटा फुटतो. चोरीला गेलेल्या दाराच्या जागी फळ्या बसतील अशा खाचा बांधून घेणे हा स्वस्त उपाय. बेकायदा पाइप टाकून काढलेल्या मोऱ्या बुजवण्याचा निर्णय मात्र पाणी वापर संस्थेच्या सभेत, ठरावाने घ्यायचा. देणगीच्या पैशाने आलेल्या मशीनने परस्पर कोणाचा पाइप उपटला तर वर्षभर काम ठप्प.

पाणी मोजायला ९० अंशाचा व्ही-नॉच पत्रा (व्ही आकाराची खाच असलेला) शेतचारीला पुरतो. नॉचच्या वर एक मीटर अंतरावर पट्टी लावा, शून्य नॉचच्या टोकाशी जुळवा. पट्टीवर १५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला १२ लिटर, २० म्हणजे २५, आणि २५ म्हणजे ४३. पाणी पत्र्यावरून मोकळे पडले पाहिजे, खालून तुंबून चढले तर आकडा खोटा. सपाट जागी तेवढी पडण मिळत नाही, तिथे कट थ्रोट फ्लूम, म्हणजे अरुंद गळ्याचे मोजमापाचे साधन, लावावा.

पहिले पाणी

मोठ्या कामाची वेळ उन्हाळी आवर्तन संपल्यापासून पाऊस लागेपर्यंतची. १५ ऑक्टोबरच्या धरणसाठ्यावर रब्बीची आवर्तने ठरतात. कालवा सल्लागार समितीची बैठक त्या सुमारास होते, तिच्या आधीच ‘चारी तयार आहे’ असे लेखी पत्र आणि नमुना नंबर ७ चे पाणीअर्ज कार्यालयात पोचलेले हवेत. इथे चुकले तर सगळे काम वर्षभर कोरडे पडून राहते.

पहिल्या दिवशी ठरल्या पाण्याच्या पाव भागच सोडा. वाळलेल्या काळ्या मातीला फुगून भेगा बुजवायला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी निम्मे, तिसऱ्या दिवशी भरून. तीनही रात्री प्रत्येक किलोमीटरला दोन माणसे, बॅटरी, फावडी आणि मातीने भरलेल्या वीस गोण्या. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला ओल दिसली तर घाबरू नका, गढूळ पाणी दिसले तर लगेच पाटकऱ्याला (कालव्याचे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला) फोन करून पाणी कमी करून घ्या. स्वच्छ झिरपा पाणी नेतो, गढूळ झिरपा भराव नेतो. बंद करतानाही हळू. एकदम उपसल्यासारखे पाणी उतरले की भिजलेला काठ आत घसरतो.

वाटप शेजपाळीने, म्हणजे एकामागून एक ठरल्या पाळीने, शेपटाकडून शिरोभागाकडे. हिशेब सभेत फळ्यावर मांडा. सेकंदाला ३० लिटर पाणी असेल आणि साडेसात सेंटिमीटरची पाळी द्यायची असेल तर हेक्टरला ७५० घनमीटर, म्हणजे सात तास. एकराला पावणेतीन तास. मोरीखाली ३० हेक्टर असेल तर नऊ दिवस, रात्रपाळी धरून. रात्री कोणी पाणी धरणार नसेल तर अठरा दिवस लागतील आणि आवर्तन त्याआधीच संपेल. म्हणून रात्रपाळीची नावे आधी लिहा. शेवटच्या शेतकऱ्याची पाळी पूर्ण झाल्याची त्याच्या हातची सही घेऊन मगच वरची मोरी उघडायची.

पावसाळ्यात पोळ्याच्या आधी एकदा आणि रब्बीच्या पाण्याआधी एकदा बेशरमाची कोवळी फूट उपटून काढा. दाराच्या दोन किल्ल्या करा: एक पाटकऱ्याकडे, एक शेपटाच्या संचालकाकडे.